नव्या फोनमधलं सिम जुन्या फोनमध्ये हलवताना

दिवाळीत आईला नवा फोन घेतला. मोठी स्क्रीन, चांगला कॅमेरा, फाइव्हजी. चार महिने तिने तो मनापासून वापरून पाहिला. पण फोन वाजला की हिरवं चिन्ह वर सरकवायचं, हे काही तिच्या बोटांना जमेना. आयुष्यभर भांडी, धुणं आणि शेतातलं काम करून बोटांची टोकं खरखरीत झालेली, त्यात हात बहुतेक वेळा ओले. बोट टेकलंय हे स्क्रीनला कळायचंच नाही. कॉल कट व्हायचा आणि तिला वाटायचं, आपणच काहीतरी बिघडवलं. शेवटी एक दिवस म्हणाली, "माझा पहिला फोन दे रे. त्याची बटणं हाताला लागतात."

तिचं सिम नव्या फोनमधून काढून जुन्या बटणांच्या फोनमध्ये घालायला दोन मिनिटं पुरली असती. मला अख्खी दुपार लागली, कारण मी आधी सिम काढलं आणि मग विचार करायला बसलो. नावं सगळी नव्या फोनमध्येच राहिली होती. जुना फोन चार्ज होईना. शिवाय सिम छोटं आणि जुन्या फोनची जागा मोठी. त्यानंतर हे काम मी नात्यातल्या आणि शेजारच्या बऱ्याच जणांचं करून दिलं. कुणाच्या नव्या फोनची काच फुटलेली, कुणाचा फोन दुरुस्तीला गेलेला, कुणी दहावीच्या वर्षात मुलाकडून स्मार्टफोन काढून घेतलेला. प्रत्येक वेळी एकच गोष्ट पटली: आधी जुना फोन नीट तपासायचा, मग नव्या फोनमधलं आवरायचं आणि सिमला हात सगळ्यात शेवटी लावायचा. हा लेख त्याच क्रमाने लिहिला आहे.

सिमबरोबर काय जातं, काय जात नाही

सिममध्ये कंपनीने दिलेला तुमचा ग्राहक क्रमांक आणि एक गुप्त किल्ली असते. त्या किल्लीवरून टॉवर तुम्हाला ओळखतो. त्यामुळे नंबर, बॅलन्स, रिचार्जची मुदत, उरलेला डेटा हे सगळं सिमबरोबर आपोआप जातं. कंपनीला कळवावं लागत नाही, फॉर्म भरावा लागत नाही.

फोटो, मेसेज, कॉलची यादी, व्हॉट्सॲपच्या गप्पा आणि पैसे पाठवायच्या ॲपची नोंदणी मात्र फोनमध्ये असते. नावंसुद्धा आता सिमवर नसतात. नव्या अँड्रॉइडमध्ये नाव साठवलं की ते बहुधा गूगल खात्यात जातं. पूर्वी सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये टाकलं की नावं दिसायची, म्हणून मोठ्या माणसांची अजून तीच समजूत असते. सगळ्यात जास्त घोटाळा होतो तो इथे.

एक फरक रिचार्जबद्दल. अमर्याद फाइव्हजी डेटाची सवलत फाइव्हजी फोनमध्येच मिळते. तेच सिम फोरजी फोनमध्ये गेलं की प्लॅनमधल्या रोजच्या ठरावीक डेटाचा हिशेब लागू होतो. जुन्या फोनवर दुपारीच नेट संपलं तर सिम बिघडलेलं नसतं.

जुना फोन: आधी बॅटरी बघा

कपाटात वर्षभर पडलेला फोन थेट चार्जरला लावू नका. मागचं झाकण उघडत असेल तर बॅटरी बाहेर काढून टेबलावर आडवी ठेवा आणि बोटाने हलकेच फिरवून बघा. भिंगरीसारखी गोल फिरली, म्हणजे तिचं पोट फुगलेलं आहे. झाकण न उघडणाऱ्या फोनमध्ये स्क्रीन किंवा मागची बाजू कडेने उचललेली दिसते. अशी बॅटरी चार्ज करायची नाही, दाबायची नाही आणि टोचायची तर अजिबात नाही. बटणांच्या फोनची बॅटरी कुठल्याही मोबाईलच्या दुकानात मिळते, फक्त जुनी सोबत घेऊन जा म्हणजे मापाची चूक होत नाही. फुगलेली बॅटरीही त्याच फेरीत दुकानात देऊन या, घरच्या कचऱ्यात टाकू नका.

बॅटरी सपाट असेल पण फोन मेलेला वाटत असेल, तर अर्धा-पाऊण तास चार्जिंगला ठेवून वाट पाहा. पूर्ण उतरलेली बॅटरी सुरुवातीला स्क्रीनवर काहीच दाखवत नाही. आईचा फोन मी पाच मिनिटांत "गेला" म्हणून बाजूला ठेवला होता. चार्जर तसाच राहिला म्हणून तासाभराने त्यावर बॅटरीचं चिन्ह दिसलं.

त्या फोनला तुमच्या कंपनीची रेंज मिळेल का

सिम आत नीट बसलं तरी फोन चालेलच असं नाही. यावर जरा थांबतो, कारण "सिम खराब झालं" म्हणून लोक दुकानात धावतात आणि दोष वेगळाच निघतो.

जिओचं जाळं २०१६ मध्ये सुरू झालं तेच फोरजीवर. त्यांच्याकडे टूजी नाही आणि थ्रीजीही नाही. साध्या टूजी बटणांच्या फोनमध्ये जिओचं सिम घातलं तर रेंज येणारच नाही, कितीही वेळा काढघाल केली तरी. जिओसाठी फोरजी आणि व्हीओएलटीई दोन्ही असलेला फोन लागतो. व्हीओएलटीई म्हणजे फोरजीवरूनच साधा कॉल लागण्याची सोय. २०१५-१६ च्या सुमारासच्या काही फोनमध्ये फोरजी फक्त नेटपुरतं होतं. त्यांच्यात जिओवर नेट येईल, पण साधा कॉल लागणार नाही.

एअरटेल, व्ही (व्होडाफोन-आयडिया) आणि बीएसएनएल यांचं टूजी चालू आहे, त्यामुळे त्यांचं सिम जुन्या बटणांच्या फोनमध्ये कॉल आणि मेसेजसाठी चालतं. थ्रीजी स्मार्टफोनची गत मात्र वाईट झाली आहे. एअरटेलने २०२० पर्यंत देशभरातलं थ्रीजी बंद केलं, व्हीनेही ते हळूहळू आवरतं घेतलं. दहा-बारा वर्षांपूर्वीचा चांगला महागडा थ्रीजी फोन आज या सिमवर कॉलसाठी ठीक, पण नेट टूजीच्या वेगाने, म्हणजे जवळजवळ नाहीच.

फोरजी असून व्हीओएलटीई नसेल आणि सिम एअरटेल किंवा व्हीचं असेल, तर कॉल लागतो, पण कॉल चालू असेपर्यंत नेट बंद पडतं. बोलता बोलता ओटीपीच्या पानावर जायचं असेल तर हे लक्षात असू द्या.

आणखी दोन अडचणी. जिओफोन आणि जिओभारत या बटणांच्या फोनमध्ये फक्त जिओचंच सिम चालतं, दुसऱ्या कंपनीचं चालत नाही. आणि परदेशातून आलेला फोन. अमेरिकेतल्या भावाने किंवा आखातातल्या मेहुण्याने वापरून दिलेला फोन तिथल्या कंपनीला बांधलेला असू शकतो. इथलं सिम टाकल्यावर तो सिम चालणार नाही असं सांगतो किंवा उघडण्यासाठी कोड मागतो. तो कोड ज्या कंपनीने फोन विकला तीच देते, म्हणून देणाऱ्यालाच तिथून काम करून घ्यायला सांगा. बांधलेला नसला तरी लहरींचे पट्टे जुळावे लागतात. जिओ मुख्यतः १८००, ८५० आणि २३०० मेगाहर्ट्झवर चालतं. तिकडच्या काही फोनमध्ये ८५० चा पट्टा नसतो, मग बाहेर रेंज आणि घरात शुकशुकाट असा अनुभव येतो.

हे सगळं वाचून डोकं भणभणलं असेल तर सोपा उपाय आहे: घरातल्या कुणाचंही त्याच कंपनीचं सिम दहा मिनिटांसाठी जुन्या फोनमध्ये घाला. रेंज आली, कॉल लागला, की पुढे सरका.

फोन कुणाकडून वापरलेला घेतला असेल तर एक तपासणी जास्तीची. त्यावर *#०६# दाबा, पंधरा आकडी आयएमईआय क्रमांक दिसेल. इंग्रजीत केवायएम ही तीन अक्षरं, मग जागा सोडून तो क्रमांक, असा मेसेज १४४२२ वर पाठवला की फोनची माहिती येते. चोरीचा म्हणून बंद केलेला फोन असेल तर तिथेच कळतं. अशा फोनमध्ये सिम टाकून उपयोग नाही.

नव्या फोनमध्ये आवराआवर

आता नव्या फोनकडे. सिम अजून आतच आहे, आतच राहू द्या.

नावांपासून सुरुवात करा. जुना फोन अँड्रॉइड असेल तर काम सोपं: नव्या फोनवरच्या गूगल खात्यात नावं चढलेली आहेत का ते बघायचं आणि जुन्या फोनवर तेच खातं उघडायचं. वायफाय मिळालं की नावं आपोआप उतरतात. मात्र नव्या फोनमध्ये काही नावं फक्त "डिव्हाइस"वर साठवलेली असतात, ती येत नाहीत. म्हणून कॉन्टॅक्ट्स ॲपमधल्या व्यवस्थापनाच्या भागात जाऊन सगळ्या नावांची एक फाइल एक्स्पोर्ट करून ठेवा. ती फाइल ब्लूटूथने किंवा मेमरी कार्डवरून जुन्या फोनवर नेता येते.

बटणांचा फोन असेल तर वेगळा मार्ग. काही फोनमध्ये, उदाहरणार्थ सॅमसंगच्या कॉन्टॅक्ट्समध्ये, नावं सिमवर कॉपी करायची सोय असते. गूगलच्या स्वतःच्या कॉन्टॅक्ट्स ॲपमध्ये सिमवरून नावं आणता येतात, पण सिमवर टाकता येत नाहीत. सिमवर साधारण अडीचशे नावं मावतात. नावाला जागा थोडी, आणि देवनागरीत लिहिलं तर आणखी थोडी, कारण एका देवनागरी अक्षराला इंग्रजी अक्षराच्या निदान दुप्पट जागा लागते. "सुनीता वहिनी सांगली" असं नाव सिमवर जाताना मधेच तुटतं. त्यात बऱ्याच जुन्या बटणांच्या फोनमध्ये मराठी अक्षरंच नसतात. आईच्या फोनवर "दूधवाले दादा" आणि "गिरणी" या दोन्ही नावांच्या जागी नुसत्या चौकोनांची रांग आली होती. तिने मला फोन पुढे करून विचारलं, "यातली गिरणी कुठली?"

तेव्हापासून मी असं करतो. सिमवर टाकण्याआधी नेहमीची वीस-पंचवीस नावं इंग्रजी अक्षरांत, छोटी, एका शब्दाची करून घेतो. ज्यांना इंग्रजी अक्षरं वाचता येत नाहीत त्यांच्यासाठी स्पीड डायल लावतो: २ दाबून ठेवलं की मुलगा, ३ ला मुलगी, ४ ला दवाखाना. ५ आणि ९ मोकळे सोडतो. २०१७ पासून विकल्या गेलेल्या बटणांच्या फोनमध्ये ती बटणं दाबून धरल्यावर आपत्कालीन कॉल लागण्याची सोय असते. आणि तेच नंबर एका वहीच्या पानावर ठळक अक्षरांत लिहून ते पान फोन ठेवायच्या जागेच्या वर भिंतीला चिकटवतो. आमच्याकडे सगळ्यात जास्त उपयोग त्या पानाचाच होतो.

नावं झाली की व्हॉट्सॲप. जुना फोन अँड्रॉइड असेल आणि त्यावर व्हॉट्सॲप चालवायचं असेल, तर नव्या फोनवर व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये चॅट्समध्ये जाऊन आत्ताच बॅकअप घ्या आणि तो पूर्ण होईपर्यंत थांबा. व्हिडिओ खूप असतील तर ते वगळूनही घेता येतो. बॅकअप कुठल्या गूगल खात्यात जातोय तेही बघून ठेवा, जुन्या फोनवर तेच खातं लागणार आहे. अँड्रॉइड ५ च्या आधीच्या फोनवर व्हॉट्सॲप चालत नाही, तिथे हा खटाटोप करू नका.

साध्या मेसेजचीही एक गोम आहे. नव्या अँड्रॉइडमध्ये गूगल मेसेजेसच्या सेटिंगमध्ये आरसीएस चॅट चालू असतं, आयफोनमध्ये आयमेसेज. हे मेसेज नेटवरून जातात. सिम बटणांच्या फोनमध्ये गेलं तरी पाठवणाऱ्याच्या फोनला काही काळ वाटत राहतं की तुम्ही अजून नव्या फोनवरच आहात, आणि मेसेज तिकडेच अडकतात. सिम काढायच्या आधी ही सोय सेटिंगमध्ये जाऊन बंद करा. एक मिनिटाचं काम आहे.

शेवटची खात्री सिमच्या पिनची. नव्या फोनच्या सुरक्षा सेटिंगमध्ये सिम लॉक चालू असेल तर जुना फोन चालू होताच चार आकडी पिन मागेल. तीनदा चुकली की पीयूके कोड मागतो आणि तोही दहादा चुकला की सिम कायमचं जातं. पिन आठवत नसेल तर अंदाजाने दाबत बसू नका. पीयूके कंपनीच्या ग्राहकसेवेकडून मिळतो. लॉक आत्ताच बंद करून टाकणं सगळ्यात बरं.

नव्या फोनमध्ये ई-सिम असेल तर

ट्रे उघडला आणि आत सिमच नाही, असंही होतं. तेव्हा नंबर ई-सिमवर असतो, म्हणजे सिम फोनच्या आतच बांधलेलं असतं. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या आयफोनला १४ व्या पिढीपासून, म्हणजे २०२२ पासून, सिमचा ट्रेच नाही. तिकडून कुणी असा फोन आणून दिला असेल तर इथला नंबर त्यात ई-सिम करूनच घेतलेला असणार.

ई-सिम काढून जुन्या फोनमध्ये घालता येत नाही. ज्याच्या नावावर नंबर आहे त्याने स्वतः आधार घेऊन कंपनीच्या गॅलरीत जायचं आणि त्याच नंबरचं साधं सिम मागायचं. नवं सिम चालू होईपर्यंत ई-सिम फोनमधून पुसू नका, नाहीतर मधल्या वेळेत हातात काहीच राहत नाही.

सिम बदललं की पहिले २४ तास त्यावर मेसेज येत नाहीत आणि जात नाहीत. फसवणूक रोखायला केलेला हा नियम आहे आणि तो सगळ्या कंपन्यांना आहे. म्हणजे चोवीस तास ओटीपी बंद. मुलाची फी भरायची आहे, गॅस बुक करायचा आहे, रेल्वेचं तात्काळ तिकीट काढायचं आहे, अशा दिवसाच्या आदल्या दिवशी हे काम करू नका. दुसऱ्या कंपनीत नंबर पोर्ट करायचा विचार असेल तर जुलै २०२४ पासूनच्या नियमानुसार सिम बदलल्यावर सात दिवस थांबावं लागतं. साधं सिम एका फोनमधून दुसऱ्यात टाकलं तर यातलं काहीच लागू होत नाही, कारण सिम तेच असतं.

सिम बदलून देतो असं सांगून कुणी फोन केला आणि सिमच्या मागचा लांबलचक क्रमांक किंवा आलेला मेसेज पुढे पाठवायला सांगितला, तर फोन ठेवून द्या. कंपनीचा माणूस असं काम फोनवर करत नाही. या मार्गाने नंबर पळवून खाती रिकामी केली जातात आणि यात वयस्क माणसं जास्त सापडतात. आईवडिलांना हे शांतपणे, दोन-तीनदा सांगा.

आता सिम काढा

नवा फोन बंद करा. कडेला ट्रेच्या पट्टीतच एक बारीक छिद्र असतं, त्यात पिन घालायची. वर-खाली एकटंच दिसणारं छिद्र माइकचं असतं. त्यात पिन खुपसली तर पलीकडच्याला तुमचा आवाज जाणं बंद होईल. छिद्राभोवती ट्रेची चौकट दिसते का, हे आधी नखाने चाचपून बघा. पिन हरवली असेल तर कागदाची यू-पिन सरळ करून चालते. सरळ आत दाबा, ट्रे थोडा बाहेर आला की नखाने ओढा. खाली पांढरा रुमाल पसरून काम करा. नखाएवढं सिम गालिच्यात पडलं तर शोधायला तास जातो.

सिम हातात घेतल्यावर सोनेरी बाजूला बोट लावू नका. मळलेलं दिसलं तर कोरड्या सुती कापडाने पुसा, पाणी नको.

आता मापं. नव्या फोनमधलं नॅनो सिम १२.३ बाय ८.८ मिलिमीटर असतं. त्याच्या आधीचं मायक्रो १५ बाय १२, आणि बटणांच्या फोनमधलं जुनं मोठं सिम २५ बाय १५. सोनेरी चिप तिन्हींमध्ये तीच, फरक फक्त भोवतीच्या प्लॅस्टिकचा. म्हणून छोटं सिम मोठ्या जागेत चालवायला भोवती चौकट लावायची एवढंच.

ती चौकट बहुतेकांच्या घरातच असते. सिम घेतलं तेव्हा एटीएम कार्डाएवढं एक प्लॅस्टिकचं कार्ड मिळालं होतं, त्यातून सिम मोडून काढलं होतं. त्या कार्डात मायक्रो आणि मोठं अशा दोन्ही चौकटी कापलेल्या असतात. सिम त्यात परत बसवा आणि हव्या त्या मापाला बाहेर काढा. कार्ड टाकून दिलं असेल तर मोबाईलच्या दुकानात अगदी थोड्या पैशात अडॅप्टर मिळतो.

पण जपून. पहिल्यांदा मी हे केलं तेव्हा अडॅप्टरमध्ये सिम नुसतं ठेवलं आणि आत सरकवलं. बाहेर काढताना सिम आतच राहिलं, अडॅप्टरच्या रिकाम्या चौकटीत फोनच्या आतल्या बारीक पितळी पट्ट्या अडकल्या आणि मी ओढल्यावर त्यातली एक वाकली. त्या खाचेत पुन्हा कधी सिम चाललं नाही. नॅनो सिम बाकीच्यांपेक्षा किंचित पातळही असतं, ०.६७ मिलिमीटर, बाकीची ०.७६. त्यामुळे ते चौकटीत सैल बसतं. उपाय साधा आहे. सिम चौकटीत बसवल्यावर मागच्या, म्हणजे सोनेरी नसलेल्या बाजूला पारदर्शक चिकटपट्टीचा एक पातळ तुकडा लावा आणि कडेने बाहेर आलेली पट्टी कापून टाका. रिकामा अडॅप्टर फोनमध्ये कधीही घालू नका, माप बघायलासुद्धा नाही. आणि आत अडकलाच तर ओढू नका. दह्याच्या डब्याच्या झाकणासारख्या पातळ प्लॅस्टिकची अरुंद पट्टी कापून ती सिमच्या वरून हळूच आत सरकवा. पट्ट्या दबल्या की दोन्ही एकदम बाहेर काढा.

बटणांच्या फोनमध्ये सिमची जागा बॅटरीखाली असते. कुठे खाच सरकवायची असते, कुठे पत्र्याचं बारीक दार कडीसारखं एका बाजूला सरकवून वर उचलायचं असतं. सिमचा एक कोपरा कापलेला असतो आणि फोनवर तसंच चित्र असतं, ते जुळवा. सोनेरी बाजू खाली. जोर लावावा लागला तर काहीतरी उलटं आहे.

दोन सिमच्या जुन्या स्मार्टफोनमध्ये पहिल्या जागेतच घाला. त्या काळातल्या अनेक फोनमध्ये फोरजी फक्त पहिल्या जागेत मिळायचं.

चालू केल्यावर

सगळ्यात आधी तारीख आणि वेळ बघा. बॅटरी पूर्ण उतरलेला फोन जुनीच तारीख धरून बसलेला असतो. बटणांच्या फोनमध्ये त्याने गजर चुकतो एवढंच, पण स्मार्टफोनमध्ये नेटवरची पानं उघडत नाहीत, व्हॉट्सॲप तारीख चुकीची आहे म्हणून अडून बसतं, आणि माणूस सिमला दोष देतो.

रेंज यायला दोन-तीन मिनिटं द्या. आली नाही तर फोन बंद करून सिम काढून परत घाला, मग सेटिंगमध्ये नेटवर्कचा प्रकार बघा. जिओसाठी फोरजी किंवा एलटीई निवडलेलं हवं आणि व्हीओएलटीई चालू हवं. कॉल लागतोय पण नेट नाही, असं असेल तर मोबाईल नेटवर्कच्या सेटिंगमधलं एपीएन, म्हणजे कंपनीच्या नेटशी जोडणारं नाव, तपासा. जिओसाठी त्या रकान्यात जिओनेट आणि बीएसएनएलसाठी बीएसएनएलनेट, इंग्रजी लहान अक्षरांत, मध्ये जागा न सोडता. एअरटेलला एअरटेलजीपीआरएस, टिंब, कॉम. बाकी रकाने मोकळे.

मग तीन चाचण्या घ्या: एक कॉल करा, एक कॉल घ्या, एक मेसेज मागवा. बँकेच्या मेसेजची वाट बघण्यापेक्षा घरातल्या कुणालातरी साधा मेसेज पाठवायला सांगा. बटणांच्या फोनमध्ये मेसेजची पेटी लहान असते आणि भरली की नवे मेसेज येणंच थांबतं. जुने मेसेज पुसून घ्या, नाहीतर ओटीपी अडकेल.

व्हॉट्सॲप आणि पैसे

जुन्या अँड्रॉइडवर व्हॉट्सॲप उघडून नंबर टाकला की मेसेजने कोड येतो. गूगल खातं तेच असेल तर बॅकअप सापडतो आणि गप्पा परत येतात. त्याच क्षणी नव्या फोनवरचं व्हॉट्सॲप बंद होतं, ते बरोबरच आहे.

जुना फोन बटणांचा असेल आणि नवा वायफायवर घरी ठेवणार असाल, तर नव्या फोनवर आधीपासून चालू असलेलं व्हॉट्सॲप सिमशिवायही चालत आलं आहे. पण दूरसंचार विभागाने नोव्हेंबर २०२५ मध्ये अशी ॲप चालू सिमशी बांधलेली असावीत असा आदेश काढला. त्यामुळे या सोयीवर विसंबून महत्त्वाच्या गप्पा तिथेच ठेवू नका, बॅकअप घेत राहा.

पैशाच्या ॲपचं तंत्र कडक आहे. फोनपे, गूगल पे, भीम यांपैकी कुठलंही असो, यूपीआयची नोंदणी सिम आणि फोन या जोडीची असते. सिम काढलं की नव्या फोनवरचं यूपीआय थांबतं. जुन्या स्मार्टफोनवर पुन्हा नोंदणी करताना त्याच सिमवरून बँकेला एक मेसेज जातो, म्हणून मेसेज पाठवण्याइतका रिचार्ज हवा. फोन बदलल्यावर पहिल्या २४ तासांत बहुतेक बँका पाच हजार रुपयांच्या वर पाठवू देत नाहीत, त्यामुळे मोठी रक्कम द्यायची असेल तर आधी देऊन टाका.

बटणांच्या फोनवरही यूपीआयची सोय आहे. रिझर्व्ह बँकेने मार्च २०२२ मध्ये यूपीआय १२३पे सुरू केलं, त्यात नेट न लागता कॉलवरून पैसे पाठवता येतात. माझ्या आईला मी ती लावून दिलेली नाही. तिला लागतात ते खात्यात पैसे आल्याचे मेसेज, आणि ते जुन्या फोनवर व्यवस्थित येतात. ज्यांना लावायची आहे त्यांनी आपल्या बँकेच्या शाखेत विचारून लावावी, नेटवर सापडलेल्या नंबरवर फोन करून नव्हे.

नव्या फोनचं काय

ट्रे रिकामाच परत बसवा, उघड्या फटीतून धूळ आणि दमट हवा आत जाते. फोन तसाच ठेवणार असाल तर बॅटरी निम्मी भरून बंद करा आणि दर दोन-तीन महिन्यांनी चार्ज करा.

दुसऱ्या कुणाला देणार असाल तर आधी सेटिंगमधून गूगल खातं काढा आणि मगच सगळं पुसा. उलट केलं तर पुसलेला फोन पुन्हा तेच खातं आणि पासवर्ड मागत राहतो. बहुतेकांना तो आठवत नसतो, आणि फोन विकत घेणारा चार दिवसांनी दारात येतो. फोटो काढून घ्यायचे राहिले नाहीत ना, तेही तेव्हाच बघा.

आईचा नवा फोन आता वायफायवर असतो. नातवाचे फोटो ती त्याच्यावर बघते, बोलायला बटणांचा. सिमचं ते मोठं कार्ड, ट्रेची पिन आणि पिन नंबर लिहिलेली चिठ्ठी रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवली आहे.